आधी विचारायचं, मग निघायचं

पोरी, शिरूरला बाळ सांभाळायचं काम लागलं, फार बरं झालं. नवरा-बायको दोघंही रांजणगाव एमआयडीसीत, बाळ आठ महिन्यांचं, आजी-आजोबा लांब मराठवाड्यात. अशी घरं आता शिरूर, शिक्रापूर, सणसवाडीला गल्लोगल्ली झाली आहेत. इकडे दौंडलाही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, एसआरपीच्या कॅम्पात, कुरकुंभच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरी तीच अडचण. हाताशी घरचं माणूस नाही आणि बाळाला घ्यायला बाई हवी. तू पगार विचारलास, सुट्टीचा वार विचारलास, एसटीचं भाडं कोण देणार तेही विचारलंस. पण त्यांच्या घरात आजारपण आलं तर तू जायचं की नाही, आणि नाही गेलीस तर पगाराचं काय, हे विचारलं नाहीस. ते कुणीच विचारत नाही. म्हणून तुला जवळ बसवून सांगते.

मी नर्सबाई म्हणून भीमेच्या अलीकडे-पलीकडे, शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांत नोकरी केली. न्हावऱ्याच्या बाजूच्या बायका यायच्या, चौफुल्याकडच्या यायच्या. त्यातल्या बाळं सांभाळणाऱ्या जणी दवाखान्याच्या पायरीवर उभ्या राहून एकच विचारायच्या, ‘बाई, त्यांच्याकडं समदी तापलीत, आज जाऊ का नको?’ हातात पिशवी, पायात चप्पल, अर्धं मन घरात आणि अर्धं कामावर. मी म्हणायचे, आधी मला तीन गोष्टी सांग. आजार कोणता? तुझ्या घरी कोण कोण आहे? आणि तू नाही गेलीस तर त्या लेकराला घ्यायला तिथं कोण आहे? ही तीन उत्तरं हातात असली की जायचं की नाही ते तुझं तुलाच कळतं. ती नसताना निघालीस, तर तू फक्त खाडा कापला जाईल या भीतीनं निघालीस असं समज. आणि ती नसतानाच घरी बसलीस, तर तेही नुसत्या भीतीनंच.

आजार कोणता, हे नेमकं विचारायचं. ‘ताप आहे’ हे उत्तर नव्हे. ‘वहिनी, कुणाला काय झालंय, कधीपासून, आणि डॉक्टर काय म्हणाले?’ असं सरळ फोनवर विचार. यात आगाऊपणा काही नाही. तू त्यांचं बाळ दिवसभर छातीशी धरणार आहेस, तुला कळायलाच हवं.

डेंगी-चिकुनगुन्या असेल तर माणसाच्या श्वासातून किंवा शिवण्यातून तो तुला येत नाही. तो डास आणतो, आणि हा डास दिवसा चावतो. म्हणजे तू जाऊ शकतेस. पण आजारी माणसाला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी दुसऱ्याला आजार द्यायला तयार होतो, म्हणून आजारी माणसालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवायला सांग, बाळालाही ठेव, आणि गॅलरीतल्या कुंडीखालची ताटली, कूलर, फ्रिजमागचा ट्रे यातलं पाणी ओतून टाक. पोटुशी असशील तर मात्र नीट ऐक. झिका हा त्याच डासाचा आजार. महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, बेलसरला, जुलै २०२१ मध्ये सापडला. झिका पोटातल्या बाळाच्या डोक्याच्या वाढीवर परिणाम करतो. त्या दिवसांत असा ताप असलेल्या घरी जायच्या आधी डॉक्टरांना विचार.

टायफॉइड आणि साथीची कावीळ तोंडावाटे जातात, म्हणजे पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातातून. तिथं काम करता येतं, पण स्वयंपाकाची भांडी, संडास आणि लंगोट यांच्या बाबतीत हात साबणानं धुणं हे काटेकोर पाळायचं. साथीच्या काविळीत डोळे पिवळे दिसायच्या आधीच्या दोन आठवड्यांत लागण जास्त होते. म्हणजे तुला कळेपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असतं. अशा वेळी घाबरून घरी पळण्यात अर्थ नाही, पुढचे दिवस स्वतःकडे लक्ष ठेवण्यात आहे.

उलट्या-जुलाबाची साथ असेल तर मी जरा कडक बोलते. हाताला लावायचं ते सॅनिटायझर या साथीच्या सगळ्या विषाणूंना पुरं पडत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आणि शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन दोन दिवस जाईपर्यंत आजारी माणसानं बाळाचं खाणं करू नये. हा नियम त्यांना लागू, आणि उद्या तुला झालं तर तुलाही.

डोळे येण्याची साथ आठवते? जुलै २०२३ मध्ये आळंदीत हजारो लोकांचे डोळे आले आणि ती साथ जिल्हाभर पसरली. काळे चष्मे घालून माणसं फिरत होती, कारण बघितल्यानं डोळे येतात अशी समजूत. बघितल्यानं येत नाहीत. डोळ्याला लावलेला हात दाराच्या कडीला, कडीवरून तुझ्या हाताला आणि तिथून तुझ्या डोळ्याला, अशी ती वाट आहे. टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वेगळा, आणि तुझा हात चेहऱ्याला लागू द्यायचा नाही. बाळाचेच डोळे आले असतील तर ते दिवसभर तुझ्या गळ्यात पडून तोंड घासणार. तेव्हा जमलं तर चार दिवस आईनंच घ्यावं.

आता गोवर आणि कांजिण्या. यांच्याशी हयगय नको. गोवर झालेलं माणूस खोलीतून उठून गेलं तरी हवेत तो दोन तासांपर्यंत टिकतो. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून नंतर चार दिवसांपर्यंत लागण होते. कांजिण्यांची लागण पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते, ती सगळ्या फोडांच्या खपल्या धरेपर्यंत. तुला लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यात का, हे आजच आईला विचारून ठेव. होऊन गेल्या असतील तर बिनघोर जा. नसतील, आणि तू पोटुशी असशील, तर त्या घरात पाऊल टाकू नकोस. आणि आदल्या दिवशी गेली असशील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ. लागण झाल्यावर पुरळ उठायला दहा ते एकवीस दिवस लागतात. तेवढे दिवस दुसऱ्या एखाद्या घरचं तान्हं सांभाळत असशील तर त्या आईला सांगून टाक.

पूर्वी आपल्याकडे घरात देवी-कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचे. देवीचा कोप म्हणून लावत असतील, पण त्यानं गावाला न बोलता कळायचं की या घरी आता जायचं नाही. विशेषतः गरोदर बाई आणि तान्हं तिकडे फिरकू देत नसत. प्लेगच्या काळात गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहायची, हेही तसलंच शहाणपण. केडगावचं मुक्ती मिशन तू पाहिलंयस. प्लेगच्या त्याच दिवसांत, १८९७ मध्ये, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींना पुण्यातून हलवून केडगावच्या मोकळ्या शेतात नेलं. साथीच्या वेळी अंतर ठेवणं म्हणजे माणुसकी सोडणं नव्हे, हे आपल्या मुलखाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. फ्लॅटच्या दारावर डहाळा कुणी लावत नाही, म्हणून त्याची जागा आता फोननं घ्यायला हवी. सकाळी सहाच्या आत मालकिणीनं कळवलं पाहिजे, ‘घरात अमुक आजार आहे, यायच्या आधी विचार कर.’ हे पहिल्याच आठवड्यात बोलून घे.

खोकला दोन आठवड्यांच्या वर चालू असेल तर मनात टीबी आण. सर्दीच्या नावाखाली तो महिनोन्‌महिने लपतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते आणि औषधही फुकट मिळतं. त्या घरच्या आजोबांना टीबी निघाला तर काम लगेच सोडायची गरज नाही. औषध नीट सुरू झाल्यावर लागण झपाट्यानं कमी होते. पण डॉक्टरांचा शब्द मिळेपर्यंत त्यांच्या खोलीत बसून बाळाला भरवायचं नाही. घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलाला टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. त्यांना ते माहीत नसेल तर तू सांग. आणि तुझीही तपासणी करून घे, त्याला लाजू नकोस.

फ्लू आणि कोविड यांचं मी शेवटी सांगते, कारण तिथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले, दुबईहून आलेलं एक जोडपं. पाठोपाठ त्यांची मुलगी निघाली, आणि त्यांना मुंबईहून पुण्याला घेऊन आलेला गाडीचा चालकही. बघ, पहिल्या चार-पाच माणसांतच त्या घराला सेवा देणारा एक माणूस होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणाला माहीतही नव्हतं, म्हणून दोष कुणाचाच नाही. पण तिथून पुढं सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना गेटवर अडवलं, जणू आजार त्याच घेऊन येतात. विमानातून आलेला आजार जिना उतरून झोपडीपर्यंत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मला राग येतो तो एकाच गोष्टीचा. बाईला ताप असला की तिला दारातून परत पाठवतात. घरच्यांना ताप असला की मात्र ‘लवकर ये गं, बाळ रडतंय’ असा फोन येतो. दोन्हीकडे एकच माप लावायचं.

आता तुझ्या घरचं. तुझं दोन वर्षांचं पोर, साखरेच्या आजाराची सासू. फ्लूच्या घरातून तू आलीस आणि सासूला लागण झाली तर ती पंधरा दिवस उठत नाही. तुझं पोर एकवेळ चार दिवसांत बरं होईल. म्हणून घरी वय झालेलं, दम्याचं, साखरेचं, किडनीचं माणूस असेल, किंवा तान्हं सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर श्वासातून लागणाऱ्या आजाराच्या घरी जायचं नाही, असं माझं स्पष्ट मत. ‘ताई, माझ्या सासूबाई अशा आहेत, म्हणून मी पाच दिवस येत नाही’ एवढं सांगून थांब. लांबलचक कारणं सांगत बसू नकोस. आणि दोन घरी बाळं सांभाळत असशील तर दुसऱ्या घरचं तान्हंही तुझ्या हिशेबात धर. तू या घरातून त्या घरात जातेस, आणि तुझ्याबरोबर आजारही जातो.

आणि ते बाळ? इथं मन गुंतलेलं असतं, हे मला ठाऊक आहे. आईबाप दोघंही घरी असतील, उठून बसत असतील, तर त्यांचं बाळ चार दिवस त्यांनी सांभाळावं. थकतील, चिडचिड होईल, पण होईल. बाप कंपनीत शिफ्टला, आई १०३ तापात आडवी, आणि आठ महिन्यांचं लेकरू पाळण्यात एकटं, अशी वेळ असेल आणि तुझ्या घरी जोखमीचं कुणी नसेल, तर मी म्हणेन जा. झाडलोट चार दिवस राहिली तर काही बिघडत नाही, पण बाळाला घ्यायला कुणी नाही असं होता कामा नये. मात्र जाताना अट घालून जा. फक्त बाळ, दुसरं काम नाही. धुणं नाही, आजारी माणसाचं अंथरूण नाही. बाळ ज्या खोलीत तू घेशील तिथं आजारी माणूस येणार नाही. आई अंगावर पाजत असेल तर फ्लूमध्ये पाजणं थांबवायचं नाही. तोंडाला मास्क लावून, हात धुऊन तिनं पाजावं आणि पाजून झालं की बाळ तुझ्याकडे द्यावं. ते दूध बाळाला आजाराशी लढायला मदतच करतं. ही गोष्ट तापलेल्या आईला सांगायला तिथं दुसरं कुणी नसतं, तेव्हा तूच सांग.

कुणी तुला सावित्रीबाईंचं उदाहरण देईल. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला, आणि सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगनंच गेल्या. त्यांचं नाव घेतलं की माझे हात आपोआप जुळतात. पण ते उदाहरण कुणी तुझ्यावर कामाचा दाब टाकायला वापरत असेल तर मान्य करू नकोस. त्या स्वतःच्या मनानं गेल्या. त्यांना कुणी खाडा कापायची भीती दाखवली नव्हती, आणि ज्याच्याकडे त्या गेल्या तो मुलगा कुणा श्रीमंताचा नव्हता, उपचारच न मिळणाऱ्या वस्तीतला होता. ज्यांच्याकडे गाडी आहे, डॉक्टर आहे, सुट्टी घ्यायची सोय आहे, त्यांनी सावित्रीबाईंचं नाव घेऊन पगारी बाईला धोक्यात पाठवणं मला पटत नाही.

जायचंच ठरलं तर कसं वागायचं ते ऐक. सगळ्यात पहिला तुझा पदर. पदरानं बाळाचं नाक पुसतेस, त्याच पदरानं स्वतःचा घाम पुसतेस, तोच पदर घरी येऊन पोराच्या तोंडाला लावतेस. आजाराच्या दिवसांत पदर खोचून टाक आणि नाक पुसायला त्यांच्या घरची जुनी सुती फडकी घे. एक एकदा वापरायची आणि उकळत्या पाण्याच्या बादलीत टाकायची. दुसरं, बाळाचं उष्टं. वाटीत उरलेली खिमट, अर्धं केळं, टाकवत नाही म्हणून आपण तोंडात टाकतो. त्या दिवसांत टाकून दे. दूध कोमट आहे का ते तोंडाला लावून बघायचं नाही, मनगटावर थेंब पाड. बाळाचे मुके घेऊ नकोस, पापा देऊ नकोस. हे अवघड आहे, कारण आजारी बाळ जास्तच चिकटतं. तेव्हा त्याचं तोंड तुझ्या खांद्यामागं जाईल असं उभं धर. खोकलं तरी तुझ्या तोंडावर येत नाही. खिडकी उघडी ठेव. आजारी बाळाला वारा लागेल म्हणून दारं-खिडक्या बंद करून बसवतात, तीच हवा मग सगळे पुन्हा पुन्हा घेत राहतात. बाळाला गुंडाळ, पण खिडकी उघड.

त्यांच्या घरी एक जुना गाऊन किंवा साडी ठेव. गेल्यावर ती नेस, निघताना तिथंच साबणाच्या पाण्यात टाकून ये. घरी पोचल्यावर पोर धावत येईल. त्याला उचलायच्या आधी कोपरापर्यंत हात धू, तोंड धू आणि कपडे बदल. हे पोराला पहिल्या दिवसापासून लाव, म्हणजे ते दारात उभं राहून वाट बघायला शिकतं. फोनही पुसायचा, त्याच्यावर दिवसभराचे हात असतात.

औषध तुझ्या मनानं द्यायचं नाही. किती, कधी, कशातून, हे कागदावर लिहून घे आणि दिलं की शेजारी वेळ लिही, म्हणजे आई तापाच्या गुंगीत पुन्हा देणार नाही. तापाचं पॅरासिटामॉल दोन तऱ्हेचं असतं. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, आणि सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरला १२५ किंवा २५०. थेंबांचं औषध चमच्यानं दिलं तर डोस कितीतरी जास्त होतो. दोन्ही बाटल्या कधी एका फळीवर ठेवू नकोस. खोकल्याच्या बाळाला ओव्याची धुरी द्यायची नाही, नाकात तेल सोडायचं नाही, आणि एक वर्ष पूर्ण व्हायच्या आत मध चाटवायचा नाही, मालकिणीची सासू फोनवरून कितीही सांगो. जुलाब असतील तर ओआरएसची पुडी आणि सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. आशाताईकडे दोन्ही मिळतात. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यात अंदाज चालत नाही, मीठ जास्त झालं तर ते बाळाला घातक असतं.

आणि श्वास मोजायला शीक, हे मी सगळ्या बायांना शिकवलं. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट घड्याळावर मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा वर, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा वर, एक ते पाच वर्षं ४० किंवा वर श्वास घेत असेल, किंवा छातीखालचा भाग आत ओढला जात असेल, तर ताप किती आहे ते बघत बसायचं नाही. अंगावर पीत नाही, उठवलं तरी उठत नाही, झटके येतात, सगळं ओकतं, तेव्हाही तेच. आई झोपलेली असेल तर उठव. बाप मीटिंगमध्ये असेल तर पुन्हा पुन्हा फोन लाव. कुणी उचलत नसेल तर १०८ लाव, परवानगीची वाट बघू नकोस. म्हणूनच त्यांच्या घराचा पूर्ण पत्ता, इमारतीचं नाव आणि जवळची खूण तुझ्याकडे लिहिलेली हवी. शिरूरच्या त्या नव्या कॉलन्यांत सगळ्या इमारती सारख्याच दिसतात.

आता पैशाचं. इथं आपल्या बायका गप्प बसतात. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, तो ठाऊक आहे का? त्यांच्या मागण्यांत पगारवाढ होती, आणि आजारपणाची रजाही होती. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज इतकी वर्षं झाली तरी आजारपणाच्या रजेचं बोलणं तुझ्या-माझ्या तोंडी लाजत येतं. २००८ मध्ये राज्यानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण रजेचा हिशेब घराघरांत दोघींनीच ठरवायचा असतो. तर तू असं सांग: ‘वहिनी, तुमच्या घरी लागणीचा आजार असेल आणि मी यायचं नाही असं ठरलं, तर त्या दिवसांचा पगार पूर्ण धरायचा. माझ्या आजारपणाचे महिन्यातून दोन दिवस धरायचे. आणि आजाराच्या घरी मी आले तर त्या दिवसांचे वरचे किती ते आत्ता ठरवू.’ ते तापात असताना हे बोलायला गेलीस तर अडवणूक वाटेल, आणि तुलाही बोलवणार नाही. पहिल्या पगाराच्या दिवशी बोल. ठरलं की व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ पाठवून ठेव, लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठव. पुढं आठवणीवरून भांडण होत नाही.

त्या बाळाच्या आईला कधी हे ऐकायला मिळालं तर तिलाही दोन शब्द. बाई येणार नाही या भीतीनं घरातला आजार लपवू नका. ती आली, तिला लागलं, मग आठवडाभर ती नाही, आणि तिच्या घरचं पोर तापात. तुमचं बाळ तेव्हाही एकटंच. आणि पोरी, तूही तसंच करू नकोस. खाडा कापतील म्हणून ताप अंगावर काढून, क्रोसिन खाऊन कामाला जाऊ नकोस. औषध न घेता एक पूर्ण दिवस ताप नसेल तेव्हाच बाळाला हात लाव. दोघी एकमेकींपासून लपवता आणि त्याचं ओझं बोलता न येणाऱ्या लेकरावर पडतं.

आजार गेल्यावर पुन्हा रुजू होशील तेव्हा पहिल्या दिवशी बाळाला घ्यायच्या आधी घर बघ. चावून ओली झालेली खेळणी गरम पाण्यात साबणानं धू, चोखणी-बाटल्या उकळ, पांघरुणं उन्हात टाक. आजारी माणसाचा टॉवेल अजून बाथरूममध्ये सगळ्यांच्या टॉवेलात अडकवलेला असतो, तो काढ. आजारातून उठलेलं बाळ चार-आठ दिवस किरकिरं असतं, खात नाही. मऊ भात, वरणाचं पाणी, थोडं तूप, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं दे. रोजच्या वेळेला जेवलं नाही म्हणून मागं लागू नकोस.

राहिलं एक काम, ते या महिन्यातच कर. घरेलू कामगार म्हणून मंडळात नाव नोंदवून घे. वय अठरा ते साठच्या आत चालतं, आणि मालकिणीचा कामाचा दाखला लागतो. नोंदणी असलेल्या बायकांना २०२१ च्या कोविडच्या निर्बंधांत सरकारनं पंधराशे रुपये मदत जाहीर केली होती. नाव नसलेल्या बायका मोकळ्या हातानं राहिल्या. दाखला मागायला संकोच वाटत असेल तर माझं नाव सांग, मी वहिनींशी बोलते. रेशन कार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत काढून ठेव. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेला रेशन कार्डच लागतं, आणि तू स्वतः दवाखान्यात भरती झालीस तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इलाज त्यातून होतो. यादीतलं हॉस्पिटल कोणतं ते आत्ताच विचारून त्या पिशवीतल्या कागदावर लिहून ठेव, आणि पिशवी कुठं ठेवलीयस ते सासूबाईंना सांग.